स्पूनी म्हणजे चमचा, पण आपला चमचा नव्हे

जुनीवही | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, एका शब्दाने तीन दिवस छळलंय, म्हणून हा धागा.

एका दिवाळी अंकासाठी १८८०च्या सुमाराची एक विनोदी इंग्रजी कथा मराठीत आणतेय. लंडनमधला एक कारकून. कोपऱ्यावरच्या हातमोज्यांच्या दुकानात काम करणाऱ्या मुलीवर त्याचा जीव जडलाय, आणि गरज नसताना हातमोजे घेऊन घेऊन बिचाऱ्याचा पगार संपतो. त्याची धाकटी बहीण त्याला येता-जाता 'स्पूनी' म्हणून चिडवते. एकूण अकरा वेळा. मोजलंय मी.

पहिल्या खर्ड्यात सरळ 'येडा' लिहिलं. पण येडा माणूस कशानेही होतो, स्पूनी तसा होत नाही. कोश चाळले. 'स्पून' म्हणजे चमचा हे आपण शिकलो, पण अठरावं शतक संपता संपता 'स्पून' म्हणजे बावळट माणूस असाही अर्थ रुळला होता, बहुधा चमच्यासारखाच उथळ म्हणून. त्याचं विशेषण स्पूनी. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अर्थ आणखी सरकला : प्रेमात पडून अक्कल गहाण ठेवलेला, उसासे टाकणारा, तिचा रुमाल जपून ठेवणारा. म्हणजे मूर्खही आणि हळवाही, एकाच वेळी.

आता मराठीत 'चमचा' लिहिलं तर वाचकाच्या डोळ्यापुढे साहेबाची बॅग उचलणारा माणूस उभा राहणार. गेलं सगळं.

तर दोन प्रश्न. एक, मूर्ख आणि प्रेमाने हळवा हे दोन्ही एकाच शब्दात सांगणारा चिडवण्याजोगा मराठी शब्द आहे का? दोन, इंग्रजीत हे दोन अर्थ इतके वेळा एकमेकांच्या गळ्यात गळा घालून का सापडतात? सॅप, सॉपी, सॉफ्ट, वेट, सगळ्यांची तीच गत. जुने शब्द माहीत असतील तर टाका. संपादकांना मजकूर महिनाअखेर हवाय.

खडूस_खोत | रात्री ९:५२

येडाच ठेवा. कोण विचारतोय. पुढचा धागा.

अर्धा_कप | रात्री १०:०५

'चमचा' ठेवा हो, मजा येईल! आमच्या हापिसात असे दोघे आहेत. प्रेमात आहेतच, फक्त साहेबाच्या.

शब्दवेल्हाळ | रात्री ११:३०

दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो, रविवार आहे उद्या.

'फॉन्ड' घ्या. आज 'आय ॲम फॉन्ड ऑफ यू' म्हणजे तू मला आवडतोस. मुळात तो शब्द 'मूर्खपणा करणे' या अर्थाच्या जुन्या क्रियापदावरून आलाय. शेक्सपिअरचा लिअर राजा स्वतःला 'फॉन्ड' म्हातारा म्हणवतो, तेव्हा तो प्रेमळपणाची जाहिरात करत नसतो, आपण खुळे झालो हे कबूल करत असतो. मूर्ख, मग कुणावर तरी मूर्खासारखा जीव लावणारा, मग नुसता जीव लावणारा, असा त्याचा प्रवास.

'डोट' तसाच. नातवावर डोट करणारी आजी आपल्याला गोड वाटते, पण मूळ अर्थ बुद्धी चळणे. त्यातूनच 'डोटेज' आणि 'डोटर्ड'. हा डोटर्ड शब्द अगदीच अडगळीत गेला होता. २०१७च्या सप्टेंबरात उत्तर कोरियाच्या अधिकृत निवेदनात ट्रम्प यांच्यासाठी वापरला गेला आणि खुद्द इंग्रजी भाषिक कोश उघडून बसले. मराठीत त्याला घरचाच शब्द आहे : म्हातारचळ.

'डाफ्ट' आणि 'डेफ्ट' ही एकाच मुळाची जुळी पोरं. मूळ अर्थ सौम्य, मवाळ, नीटनेटका. एक पोर कुशल निघालं, दुसरं वेडगळ. मवाळ माणसाला शेवटी लोकांनी वेडा ठरवलं, हे आपल्याकडेही घडतं.

आणि सगळ्यांचा मुकुटमणी 'सिली'. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता भाग्यवान, देवाचा आशीर्वाद लाभलेला. जर्मनमधला त्याचा भाऊ 'झेलिश' अजून त्याच पवित्र अर्थाने नांदतोय. इंग्रजीत मात्र आशीर्वादित, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, मग मूर्ख, अशी पायरी पायरीने घसरण झाली.

तेव्हा जुनीवही, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की दोन अर्थ नंतर एकत्र आले असं नाहीच. निष्पाप माणूस व्यवहारात फसतो, आणि फसणाऱ्याला जग मूर्ख म्हणतं. इंग्रजीने ते शब्दांत नोंदवून ठेवलंय एवढंच.

पाणिनीचा_पाहुणा | रविवार, सकाळी ७:१०

@शब्दवेल्हाळ, 'सिली'ची सख्खी बहीण आपल्याकडे आहे. देवानांप्रिय! देवांचा लाडका. सम्राट अशोक शिलालेखांत स्वतःला हेच बिरुद लावतो. पुढे संस्कृत वैयाकरणांकडे आलात तर भट्टोजी दीक्षित सिद्धान्तकौमुदीत सांगतात, की 'देवानांप्रिय' हा समास मूर्ख या अर्थी. अशोकाचं बिरुद एवढं कसं घसरलं यावर पंडितांत वाद आहेत, त्यात आत्ता शिरत नाही. पण देवाचा लाडका तो अकलेचा कच्चा, हे पाटलिपुत्रातही झालं आणि इंग्लंडातही.

खडूस_खोत | सकाळी ७:४५

आमच्याकडे 'देवाघरचा माणूस' म्हणतात. अर्थ तोच.

परखड_पाटील | सकाळी ९:०२

मराठी संस्थळावर इंग्रजी शिव्यांचं कौतुक कशासाठी? समर्थांनी दासबोधात दुसऱ्या दशकाच्या पहिल्याच समासात मूर्खलक्षणं सांगून ठेवलीत. ती वाचली तरी पुरे.

जुनीवही | सकाळी ९:२०

पाटीलसाहेब, त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाचीही लक्षणं आहेत. मी ती वाचून मगच धागा काढला. :)

कोशकीटक | सकाळी १०:१५

पाटीलसाहेब, उलट बाजूनेही बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, दुसरी आवृत्ती १८५७ची. आपल्या गावठी शब्दांना प्रतिशब्द देताना साहेबाने त्याच्या काळची घरगुती, बोलीतली इंग्रजीही मुक्त हाताने वापरली आहे. त्यातली बरीच आता इंग्लंडमध्ये कुणी बोलत नाही. परिणाम असा, की आज मला कित्येकदा डावीकडचा मराठी शब्द कळतो आणि उजवीकडचं इंग्रजी कळत नाही! मराठीवरून इंग्रजीचा अर्थ लावायला उपयोगी पडणारा कोश. त्या अर्थाने हा धागा मराठीचाच.

रेडिंगकर | दुपारी १:३०

विलायतेतून हजेरी. 'वेट' शब्दाबद्दल सांगतो, कारण इथे त्याने राजकारण गाजवलंय.

वेट म्हणजे ओला. शाळकरी पोरांच्या बोलीत वेट म्हणजे मुळमुळीत, लगेच डोळ्यांत पाणी आणणारा, खेळात मार खाऊन घरी जाणारा. १९७९ साली मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या. सरकारी खर्चाला कात्री लावायला त्यांच्याच पक्षातले काही मंत्री कचरू लागले, बेकारी वाढेल म्हणू लागले, तर बाईंच्या गोटाने त्यांना 'वेट्स' ठरवलं. मग बाईंच्या बाजूचे आपोआप 'ड्राय' झाले. १९८१च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाची झाडाझडती झाली, त्यात इयन गिलमर यांच्यासारखे ओले बाहेर गेले. शाळेच्या मैदानावरची चिडवाचिडवी थेट दहा डाउनिंग स्ट्रीटवर. आता इतिहासाच्या पुस्तकांत वेट आणि ड्राय गंभीर चेहऱ्याने छापतात.

दुसरा शब्द 'मॉडलिन'. दोन पेग पोटात गेल्यावर जुन्या मैत्रीच्या आठवणींनी गळा काढणारा मित्र असतो ना, तो मॉडलिन. मूळ नाव मेरी मॅग्डालीन, ख्रिस्ताची शिष्या. चित्रकारांनी तिला इतकी वर्षं रडतानाच रंगवलं, की तिच्या नावाचा जुना इंग्रजी उच्चारच रडकेपणाचं विशेषण झाला. ऑक्सफर्डला १४५८मध्ये स्थापन झालेलं याच नावाचं कॉलेज आहे, लिहायचं मॅग्डालेन, म्हणायचं मॉडलिन. मी नवा असताना बसमध्ये अक्षर अन् अक्षर लावून 'मॅग्डालेनला उतरायचंय' म्हणालो. ड्रायव्हरने माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, त्या नजरेला वर आलेले सगळे शब्द लागू होते.

वऱ्हाडी_ठेचा | दुपारी २:०५

एवढं काय शोधून राह्यले बाप्पा. आमच्याकडं एकच शब्द. भैताड. प्रेमात पडला तरी भैताड, नापास झाला तरी भैताड, आन् लगन झालं तर मंग काय बोलाचंच काम नाही.

मेलबर्नची_मावशी | दुपारी ३:४०

ऑस्ट्रेलियाचा वाटा राहिलाच! इथे मूर्खाला 'ड्रॉंगो' म्हणतात. १९२०च्या दशकात या नावाचा एक शर्यतीचा घोडा होता. सदतीस शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. वाईट घोडा नव्हता हं, मोठ्या शर्यतींत दुसरा वगैरे यायचा. पण पहिला कधीच नाही. लोकांनी हरणाऱ्या, गोंधळलेल्या माणसाला त्याचंच नाव दिलं. मला त्या घोड्याची फार दया येते. सदतीस वेळा मन लावून धावायचं आणि वर शंभर वर्षं शिवी म्हणून जगायचं.

रानवाटा | दुपारी ४:१५

मावशी, त्या घोड्याचं नाव पक्ष्यावरून ठेवलेलं. ड्रॉंगो म्हणजे आपला कोतवाल! दुभंगलेल्या शेपटीचा, काळा, तारेवर बसणारा. घारीच्या मागे लागून तिला हाकलतो, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढतो. आपल्या लोकांनी त्याला पोलिसाचा हुद्दा दिला आणि ऑस्ट्रेलियात त्याच्या भाऊबंदाचं नाव महामूर्खाला. तिथल्या कोतवालांनी अपील करायला हवं.

अवांतर : स्कॉटलंडमध्ये 'गाउक' म्हणजे कोकिळेच्या कुळातला कुकू पक्षी आणि गाउक म्हणजे मूर्खही. एक एप्रिलला तिथे कुणाच्या तरी हाती बंद चिठ्ठी देऊन पाठवतात. आत लिहिलेलं असतं, की याला असाच पुढच्या घरी पाठवा. तो बिचारा दिवसभर गावभर फिरतो.

अर्धा_कप | दुपारी ४:३०

याला आमच्याकडे 'फाइल पुढच्या टेबलावर द्या' म्हणतात.

रंधा | संध्याकाळी ६:००

मी लाकूडकामातला माणूस, भाषा वगैरे माझा प्रांत नाही, पण 'सॅप'वर बोलू शकतो.

ओंडका आडवा कापला की सालीलगत एक फिकट पट्टा दिसतो आणि आत गडद गाभा. फिकट पट्ट्यातून झाडाचा रस वाहतो, त्याला इंग्रजीत सॅपवुड म्हणतात. सागाचं दार करताना गिऱ्हाईक पांढरा पट्टा दिसला की भाव पाडतं, आणि बरोबरच आहे, कारण कीड आधी तिथे लागते. मऊ, ओलसर, लवकर सडणारं. अठराव्या शतकात इंग्रज 'सॅपस्कल' आणि 'सॅपहेड' म्हणत, म्हणजे ज्याचं डोकं गाभ्याच्या नव्हे, पांढऱ्या लाकडाचं आहे तो. त्याचं तुटून नुसतं सॅप राहिलं. आणि 'सॅपी' म्हटलं की भावनेने चिकट झालेलं काहीही, सिनेमा असो की पत्र.

'चम्प'ही आमच्याच धंद्यातला. जाड, आखूड ठोकळा. मग ठोकळ्यासारखं डोकं, मग ते डोकं धारण करणारा माणूस. मराठीत 'ठोंब्या' म्हणताना मला कायम तोच ठोकळा दिसतो.

एक सांगू का, पांढरा पट्टा खराब नसतो. झाड जिवंत ठेवतो तोच. गाभा मेलेला असतो. दाराला मेलेलं लाकूड चांगलं, झाडाला जिवंत.

तिखटमीठ | संध्याकाळी ७:२०

@रंधा, शेवटच्या परिच्छेदासाठी दंडवत.

आता थोडं मीठ चोळते. इतका वेळ सगळे 'हळवा म्हणून मूर्ख' यावर गंमतीत बोलताय. हे शब्द नीट बघा ना. मिल्कसॉप, मॉलीकॉडल (लाडावून नाजूक झालेला), नॅम्बी-पॅम्बी, उत्तर इंग्लंडातलं 'बिग गर्ल्स ब्लाउज', म्हणजे थोरल्या मुलीचं झंपर! सगळ्यांचा सूर एकच : हळवेपणा बायकांचा किंवा बाळांचा, पुरुषात दिसला की हसा.

आणि बायकांनी लिहिलं तर? १९०६मध्ये न्यूयॉर्कला हॅरी थॉ नावाच्या श्रीमंत माणसाने स्टॅनफर्ड व्हाइट या नामांकित वास्तुविशारदाचा भर नाट्यप्रयोगात गोळ्या घालून खून केला. १९०७मध्ये खटला चालला. अख्खं शहर चवीने बातम्या वाचत होतं. वार्तांकन करणाऱ्यांत चार बायका होत्या, आणि त्यांना नाव पडलं 'सॉब सिस्टर्स', हुंदके देणाऱ्या भगिनी. पुढे रडवणाऱ्या बातम्या लिहिणाऱ्या कुठल्याही बाईला तेच चिकटलं. आपल्याकडे काय वेगळं आहे? रडूबाई आहे, मुळूमुळू रडणं आहे, आणि पुरुषाला हिणवायचं तर थेट 'बांगड्या भर'.

खडूस_खोत | संध्याकाळी ७:५०

तिखटमीठ ताई, यादी बघा. सॅप, चम्प, स्पूनी, शिवाय बावळटासाठीचे 'मग' (mug) आणि 'जगिन्स'. सगळे पुरुषांनाच. बायकांवर अन्याय कुठे झाला? आम्हालाच मार.

तिखटमीठ | रात्री ८:०५

खोत, तेच तर म्हणतेय. तुम्हाला मार कशाबद्दल? बाईसारखं वागल्याबद्दल. म्हणजे काठी तुमच्या पाठीवर, अपमान आमचा.

खडूस_खोत | रात्री ८:२०

विचार करतो. (हे वाक्य या संस्थळावर मी पहिल्यांदाच लिहितोय, नोंद घ्यावी.)

बाळबोध_लिपी | रात्री ९:१०

मिल्कसॉपचा विषय निघालाच आहे तर. 'सॉप' म्हणजे दुधात किंवा रश्शात बुडवून मऊ केलेला पावाचा तुकडा. दात नसलेल्याचं खाणं. चौदाव्या शतकात चॉसरच्या कँटरबरी टेल्समधला खानावळवाला आपल्या बायकोचं गाऱ्हाणं सांगतो, की ती मला मिल्कसॉप म्हणते, तुझ्याशी लग्न करून फसले म्हणते. त्याच सॉपचं पुढे 'सॉपी' झालं, आधी भिजलेलं या अर्थी आणि मग भावनेने भिजलेलं.

मराठीत आपण काय म्हणतो? 'मी काय बोळ्याने दूध पितो का?' अगदी तेच दूध, तेच बाळ. फक्त इंग्रज पाव बुडवतो, आपण कापसाचा बोळा.

आणि नॅम्बी-पॅम्बी! अम्ब्रोझ फिलिप्स नावाचा कवी बड्या घरच्या तान्ह्या लेकरांवर लाडिक कविता करायचा. १७२५च्या सुमारास हेन्री कॅरीने त्याची टर उडवली, आणि अम्ब्रोझच्या 'अम्बी'ला बाळबोलीसारखं दुप्पट करून नॅम्बी-पॅम्बी बनवलं. कवी विसरला गेला, टोपणनाव तीनशे वर्षं जिवंत. कवींनी धडा घ्यावा. आमदारांच्या नातवाच्या बारशाला कविता करू नये.

कॉलेजकट्टा | रात्री १०:४०

थांबा थांबा, तुम्ही सगळे 'सिम्प'ला विसरलात?? आमच्या ग्रुपवर रोज कुणीतरी कुणालातरी सिम्प म्हणतं. क्रशच्या प्रत्येक फोटोवर बदाम टाकणारा, तिची असाइनमेंट लिहून देणारा, आणि ती त्याला 'भाई' म्हणते. स्पूनी म्हणजे सिम्पच ना? 'सिम्प' लिहा, विषय संपला.

शब्दवेल्हाळ | रात्री ११:१५

@कॉलेजकट्टा, गंमत म्हणजे तुमचा सिम्प काही नवा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'सिम्पलटन' तोडून सिम्प केलेला, अर्थ नुसता बावळट. मग तो झोपला आणि शंभर वर्षांनी तुमच्या मोबाइलवर जागा झाला तो प्रेमातला बावळट होऊन. स्पून ते स्पूनी हाच प्रवास पुन्हा एकदा. माझ्या वरच्या लांबलचक प्रतिसादाला याहून चांगला पुरावा नाही.

पण १८८०च्या लंडनमध्ये सिम्प चालणार नाही.

गल्लीतला_गोंधळी | सोमवार, सकाळी ८:३०

'बर्क' कसा राहिला? ब्रिटिश मालिकांत ऐकलाय, गोंडस वाटतो. परवा मीटिंगमध्ये वापरलासुद्धा.

रेडिंगकर | सकाळी ११:००

@गल्लीतला_गोंधळी, घाई केलीत. लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून शब्द लपवतात. बर्क हा 'बर्कली हंट' या शिकारी मंडळींच्या नावाचा तुकडा. 'हंट'शी यमक कशाचं जुळतं ते इथे लिहिलं तर संपादक धागा उडवतील. मीटिंगमध्ये कुणी इंग्रज म्हातारी नव्हती ना?

गल्लीतला_गोंधळी | सकाळी ११:०४

होती.

अर्धा_कप | सकाळी ११:०६

😂😂 आता तुम्हाला वेट, सॅप, ड्रॉंगो, सगळं लागू.

खाऊगल्ली | दुपारी १२:३०

भुकेच्या वेळी धागा वाचू नये. मला यात फक्त खाणं दिसतंय. चमचा, दुधातला पाव, आणि 'नूडल'! मॅगी नव्हे. माणसाला नूडल म्हणजे बुद्दू म्हणणं हे इंग्रजीत खायच्या नूडल्सच्या आधीपासून आहे. खायचा शब्द नंतर जर्मनमधून आला. तेव्हा शेवयांवरून माणसाला नाव पडलं हे खोटं.

तसाच 'निन्कम्पूप'. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५च्या कोशात त्याचा संबंध 'नॉन कॉम्पोस मेन्टिस' या लॅटिन कायदेशीर शब्दांशी जोडला, म्हणजे ज्याचं चित्त ठिकाणावर नाही तो. पण त्याहून जुन्या लिखाणात शब्द 'निकम्पूप' असा मधल्या 'न'शिवाय सापडतो, त्यामुळे पुढच्यांनी मान डोलावली नाही. एवढा मोठा कोशकार, पण मूर्खाच्या शब्दाने त्यालाही चकवलं.

न्यूजर्सीचा_नाना | संध्याकाळी ७:१५

खाण्यावरूनच पुढे. इथे ज्यू लोकांच्या डेलीमध्ये (तयार खाण्याच्या दुकानात) 'श्माल्ट्झ' मिळतं. कोंबडीची चरबी मंद आचेवर कढवून गाळलेली. त्यांच्या धर्मात मांसाबरोबर दूध-लोणी चालत नाही, म्हणून लोण्याच्या जागी ही चरबी. ब्रेडवर लावून, कांदा घालून खातात. आमच्या शेजारच्या आजोबांनी एकदा आग्रहाने दिलं. मी शाकाहारी. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हातात धरून बसलो, तर उन्हात ते पाघळून मनगटापर्यंत आलं.

तर १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या वादकांनी गोडमिट्ट, गळे काढणाऱ्या संगीताला श्माल्ट्झ म्हणायला सुरुवात केली. आजही रडव्या सिनेमाला श्माल्ट्झी म्हणतात. इंग्रजांचं रडणं पाण्याचं : वेट, ड्रिप (ठिबकणारा), सॉपी. इथलं तुपकट.

वुडहाउसवेडा | रात्री ९:००

इतका मोठा धागा आणि वुडहाउस नाही? या इंग्रज विनोदी लेखकाचा नायक बर्टी वूस्टर, त्याची डाहलिया आत्या त्याला 'फॅटहेड' म्हणते तेव्हा त्यात जेवढी माया असते तेवढी कुठल्याही लाडक्या नावात नाही. (हो, आत्याच. अगाथा आणि डाहलिया दोघी बर्टीच्या वडिलांच्या बहिणी. इंग्रजांना एका 'आँट'मध्ये भागतं, अनुवादकाला मावशी की आत्या हे ठरवावंच लागतं. अनेक जण मावशी लिहितात, तिथे पान मिटावंसं वाटतं.)

आणि मॅडलिन बॅसेट! आकाशातल्या चांदण्या म्हणजे देवाने गुंफलेली फुलांची माळ असं मानणारी. तिच्यापुढे बर्टीची जी अवस्था होते, ती वाचल्यावर सॉपी शब्दाला कोश लागत नाही.

@जुनीवही, तुमची बहीणही प्रेमानेच बोलतेय ना? मग शब्द बोचरा नको. आत्याच्या फॅटहेडसारखा हवा, डोक्यात टपली मारल्यासारखा.

जुनीवही | मंगळवार, रात्री १०:२०

काय धागा झालाय! सगळ्यांचे आभार, गोंधळी यांचे विशेष. (मीटिंगचं पुढे काय झालं ते व्यनि करा.)

कामाचं बोलते. आतापर्यंत आलेले आणि माझ्या वहीतले शब्द मी एकेक करून बहिणीच्या तोंडी घालून बघितले. 'भाबडा' : फार गरीब गाय, प्रेमाचा मागमूस नाही. 'हळवा' : चिडवणं वाटतच नाही, कौतुक वाटतं. 'बावळट' : उलट, नुसतंच चिडवणं. 'भैताड' मला फार आवडलाय, पण लंडनच्या हातमोज्यांच्या दुकानात वऱ्हाड शिरेल. 'खुळावलेला' जवळ येतो. तोच ठरवत होते.

मग नानांचा प्रतिसाद पुन्हा वाचला. नाना, तुमच्या मनगटावर काय आलं होतं?

न्यूजर्सीचा_नाना | रात्री १०:४५

चरबी. का?

जुनीवही | रात्री १०:५०

ती काय झाली होती?

न्यूजर्सीचा_नाना | रात्री १०:५२

पाघळली होती… अहो!

बाळबोध_लिपी | रात्री ११:००

अगंबाई, पाघळणं! तूप पाघळतं, मेण पाघळतं, आणि माणूसही पाघळतो. मऊ पडतो आणि त्याबरोबर अक्कलही वाहून जाते. दोन्ही अर्थ एका क्रियापदात.

तिखटमीठ | बुधवार, सकाळी ८:००

शब्द उत्तम, पण सावध. 'बाई दिसली की पाघळतो' असं आपण ज्याच्याबद्दल म्हणतो त्याला मी दुकानात शिरू देणार नाही. लाळघोटेपणाची छटा आहे त्याला. तुमचा कारकून तसा नाही ना?

रंधा | सकाळी ८:४०

बहीण म्हणतेय म्हटल्यावर ती छटा येत नाही. मित्राने म्हटलं तर येते. कोण म्हणतंय यावर आहे.

जुनीवही | सकाळी ९:३०

रंधा, पटलं. पण क्रियापद आहे, हाक नाही. बहीण अकरा वेळा हाक मारते. 'अरे पाघळलेल्या' असं कुठली बहीण म्हणेल?

खडूस_खोत | सकाळी ९:४१

रडका तो रडोबा. मग पाघळणारा तो पाघळोबा. आता तरी येडा सोडा.

वऱ्हाडी_ठेचा | सकाळी ९:४५

खोत जिंकले न बाप्पा!! 🙏

जुनीवही | दुपारी १:१५

खोतसाहेब, अकराच्या अकरा जागी बसवून बघितला. पहिला प्रसंग असा झालाय :

"पुन्हा हातमोजे?" एमिलीने पुडकं हातात तोलून पाहिलं. "महिन्यातला हा चौथा जोड. हात तुला दोनच आहेत, पाघळोबा."

नवव्या ठिकाणी तो आजारी असतो आणि ती उशाशी बसून हाच शब्द हळू म्हणते. तिथेही चालला. संपादकांना आज पाठवते. अंकात आभाराच्या ओळीत 'खडूस_खोत' छापू की खरं नाव?

खडूस_खोत | दुपारी १:३०

काही छापू नका. गावात कळलं तर मलाच पाघळोबा म्हणतील.

त्या दुकानातल्या पोरीचं शेवटी काय झालं?

जुनीवही | दुपारी १:३२

अंक विकत घ्या.